चिंधूबाबाचा पाय कुठं मोडला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना निम्मं ठाऊक होतं, ते गेले. मुलाला नाही, सुनेला नाही, जैन स्थानकात महाराजांपुढं बसले तेव्हाही नाही — तिथं तर मी डोळे मिटून भलतंच आठवत बसायची. कुणाला रागानं बोलले, दूध उतू गेलं ते सुनेवर ढकललं. मोठं तेवढं बाजूला सारायचं आणि बारीकसारीक निवडत बसायचं. तुम्हीही करता का असं? करत असाल तर तुमचं तुम्ही बघा. मी माझं सांगते.

आमचं घोडेगावात किराण्याचं दुकान, मागं गोदाम. डोंगरातले लोक हिरडा गोळा करून, वाळवून आणायचे, तो आम्ही पोत्यांत भरून पुढं धाडायचो. मी मारवाडातून लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, ना तिकडचं ना इकडचं. मराठी वाचायला शिकले ती रद्दीवर. पुडी बांधायच्या आधी कागद वाचायचा. आता रद्दीचा कागद म्हणजे काय — अर्धी बातमी. खून इथं, खुनी दुसऱ्या तुकड्यावर, आणि तो तुकडा कुणाच्या तरी शेंगदाण्याबरोबर गेलेला. मग उरलेलं मीच जुळवायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची. लोक माल घेऊन झाला तरी हलायचे नाहीत. मला लई आवडायचं ते. खोटं कशाला बोलू, अजून आवडतं.

असाच एक तुकडा निघाला विमानाचा. एका माणसानं विमान पळवलं, पैसे मागून घेतले आणि पाठीला छत्री बांधून उडत्या विमानातून खाली रानात उडी मारली. पुढं तो जिवंत सापडला नाही, मेलेलाही सापडला नाही. कुठल्या मुलखातलं हे, कोणत्या सालातलं — तो कोपराच फाटलेला.

झालं. महिनाभर दुकानात दुसरा विषय नाही. जो तो आपलं डोकं चालवायचा. एक म्हणे, पैसे घेऊन मुंबईला गेला. एक म्हणे, भीमाशंकरला साधू होऊन बसला असंल, तिथं कोण विचारतंय.

"आरं, बिबट्यानं खाल्ला आसंल त्याला."

"छत्रीसकट खाल्ला व्हय? मग छत्री कुठंय?"

आणि मी तराजूवरून मान वर न करता म्हणाले, "छत्री आहे की. चिंधूबाबाच्या अंगणात."

चिंधूबाबा म्हणजे वर वाडीत राहणारा म्हातारा. एकेकाळी आमच्याच गोदामात हमाल होता. बायको गेलेली, लेक कळंबला दिलेली, एकटाच असायचा. त्याच्या अंगणात हिरडा वाळत असला की त्यावर एक नारिंगी कापड असायचं, दोऱ्या लावलेलं, छत्रीसारखं. ते हवामानखात्याच्या फुग्याचं. पठारावर पडलेलं त्याला मिळालं होतं, सोबत एक थर्माकोलचा डबा. डबा तो आमच्याकडंच घेऊन आला होता आणि त्यावर काय छापलंय ते मीच त्याला वाचून दाखवलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. पण गोष्ट रंगलेली असताना असलं कोण सांगत बसतं?

सगळे हसले. मग बाळू, आमचा जीपवाला, भीमाशंकरची भाडी मारतो तो, म्हणाला, "आन् पाय? म्हातारा लंगडतोय की. उडी मारली तवाच मोडला आसंल."

पुन्हा सगळे हसले. मीही हसले. पण हसता हसता मापात चुकले — का, ते सांगते. थोडं थांबा. हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की एका दमात सांगून टाकीन. जमत नाही.

बाळूनं ती गोष्ट जीपमध्ये नेली. वाटेत भाविकांना सांगायची, तेवढीच करमणूक. भाविकांनी मोबाईलवर टाकली. मग रविवारी पुण्याकडची पोरं पाठीवर पिशव्या टाकून वाडीत यायला लागली. नारिंगी कापडाचे फोटो, पायाचे फोटो. बाबा, तुम्ही मूळचे कुठले? तो गावाचं नाव सांगायचा, तर ते गाव डिंभ्याच्या धरणाखाली गेलेलं. झालं, आणखी पक्कं. बाबा, पाय कसा मोडला? तो सांगायचा, हिरड्याच्या झाडावरून पडलो. कुठलं झाड, दाखवा. त्याला झाड दाखवता यायचं नाही.

कसं दाखवणार? तसं झाड नव्हतंच.

त्याच सुमारास सुनेनं मोबाईलवर मला त्या विमानाची अख्खी हकिगत लावून दिली. समुद्रापलीकडची. इथून तिथवर आमच्या मुलखाचा काडीचा संबंध नाही. मी ऐकलं आणि मोबाईल परत दिला. दुसऱ्या दिवशी दुकानात लोकांनी विचारलं, काकी, पुढं काय कळलं का? मी म्हणाले, तपास चालू आहे. बघा तुम्ही. लोक ऐकायला उभे होते, एवढ्यासाठी.

मग एकदा चिंधूबाबा लेकीकडं गेलेला असताना कुणीतरी त्याचं घर उकरलं. चुलीखालची जमीन, देवाच्या फळीखालची जमीन. सापडायचं काय होतं? पण चूल मोडली. त्याच्या बायकोच्या हातची चूल होती ती.

तो दुकानात आला तो बाजाराच्या दिवशी. काठी टेकत, हळूहळू. दुकान भरलेलं, बाळूपण होता. चिंधूबाबा कुणाशी भांडला नाही. पायरीखाली उभा राहिला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "काकी, माझा पाय कसा मोडला ते तुमास्नी ठावं हाय. यास्नी सांगा येवढं."

आता सांगते. तेव्हा सांगायचं होतं ते आता सांगते.

पाय आमच्या गोदामात मोडला. हे मंचरला गेले होते, दारात ट्रक उभा, ड्रायव्हर घाई करत होता. चांगला माल थप्पीच्या तळाला लागलेला. वरची पोती उतरवून मग खालची काढायची, ही रीत. मी म्हणाले, उतरवत कुठं बसतोस, खालूनच ओढ. तो म्हणाला, थप्पी हलतीय, काकी. मी म्हणाले — हे शब्द माझेच — ओढ रे, काही होत नाही. त्यानं ओढलं. थप्पी आली खाली.

ह्यांनी त्याला दवाखान्यात नेलं नाही. तिथं विचारतील, कुठं लागलं, कसं लागलं, मग पोलीस. हाडवैद्याकडं नेलं. पाय वाकडा बसला. आणि आम्ही दोघांनी त्याला हात जोडून सांगितलं, झाडावरून पडलो म्हण. तळातून ओढायला मी लावलं, हे मी ह्यांनाही सांगितलं नाही. त्यानंच घाई केली, असं मी ह्यांना म्हणाले. चिंधूबाबा तेव्हा शेजारीच पडलेला, ऐकत होता. माझं नाव त्यानं घेतलं नाही. तेव्हाही नाही, पुढं इतक्या वर्षांत नाही. बायकोलासुद्धा झाडच सांगितलं. आणि त्या दिवशी बाजारात, एवढं होऊनही, त्यानं स्वतः तोंड उघडलं नाही. मला सांगायला सांगितलं. आम्ही त्याच्याकडून घेतलेला शब्द आम्हीच सोडवावा म्हणून.

सगळे माझ्याकडं बघत होते. एक वाक्य होतं. आमच्या गोदामात मोडला. एवढंच. मागचं काही नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणाले, "मला काय माहीत बाबा? तूच सांगायचास ना, झाडावरून पडलास म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं. बाळू म्हणाला, "बाबा, काकीला कशाला मधी घेता? इमानात काय काकी व्हत्या का?"

चिंधूबाबानं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं, असं मला पुष्कळदा वाटलंय. तसं नव्हतं. ओळख पटत नसल्यासारखं बघितलं. मग काठी वळवली आणि गेला.

आमच्यात संवत्सरीला सगळ्यांची माफी मागतात. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर, मिच्छामि दुक्कडम्. मी दरवर्षी गावभर हात जोडते, मोबाईलवरून फुलांचं चित्र घालून सगळ्यांना एकदम धाडते. हे हयात असताना गोदामातल्या हमालांनाही हात जोडायचे, चिंधूबाबाला त्याचा अर्थ ठाऊक होता. त्या साली मी वाडीत गेले नाही. बाळूला म्हणाले, वर जातोच आहेस तर बाबाला सांग, काकीनं हात जोडलेत. बाळूनं सांगितलं. उत्तर काय आलं, मी विचारलं नाही. जाणता-अजाणता — काय सोयीचे शब्द आहेत. त्यातलं अजाणता मी केलंच काय होतं?

पुढं तो वाडीतलं घर सोडून कळंबला लेकीकडं राहिला. तिकडंही लोक फोटो काढायला जायचे म्हणतात. गेल्या थंडीत वारला.

त्याची लेक मध्यंतरी घोडेगावात आली होती, घराच्या कागदांच्या कामाला. जाताना दुकानात शिरली. चहापत्ती आणि साखर घेतली. दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघीच. पैसे दिले तरी हलली नाही. मग म्हणाली, "काकी, एक इचारू का? लोकं इतकं म्हणत्यात. शेवटी शेवटी दादा माझ्याशीबी बोलत नव्हतं. म्या इचारलं, पाय कशानं मोडला ते खरं सांगा, तर भिताडाकडं तोंड करून निजायचं. तुमी लई जुन्या. दादा तसं व्हतं का वो? म्हंजे... कायतरी केल्यालं?"

कुणी ऐकायला नव्हतं. बाळू नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. हे नव्हते. चिंधूबाबाही नव्हता.

मी साखरेची पिशवी बांधली. म्हणाले, "कुणाचं काय सांगावं, बाई."

तिनं मान हलवली. पिशवी घेतली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि एस्टीच्या दिशेनं निघून गेली.