नाव बदललं, खुणा राहिल्या

१४ ऑक्टोबर

सहा महिने या ब्लॉगवर फिरकले नाही, माफ करा. पीएचडीचा प्रबंध संपवत होते. तो सोमवारी द्यायचा आहे आणि शेवटच्या वाचनात मी चौथ्या प्रकरणावर अडले. गोंदियाकडे गावतलावाचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडणाऱ्याला पाणकर म्हणतात. नवऱ्यामागे हे काम करणाऱ्या एका काकूंची मुलाखत त्या प्रकरणात आहे. पाळी नसताना दीर स्वतःच्या शेताला पाणी घेतो, असं त्या बोलल्या होत्या. मी नाव बदललं आणि शेजारीच लिहिलं, 'परिसरातील एकमेव स्त्री पाणकर'. म्हणजे झाकलं काय?

फोनवर हे बोलता येईना, म्हणून निघाले. नागपूरहून सकाळच्या गाडीनं गोंदिया. स्टेशनबाहेर तीस रुपयांत पोटभर पोहे मिळतात. "दीदी, तर्री और डालूँ?" पुढे बस. कुठली, ते सांगत नाही. गाव, नातं, काम यांतलं इथे लिहिताना काय बदललंय तेही नाही. एकदा चुकले तेवढं पुरे. दुतर्फा लोंबीला आलेला धान आणि काठोकाठ तलाव होते. ऑक्टोबरात जरूर जा.

काकूंच्या अंगणात खाटेवर त्यांचे दीरच बसलेले!

"या मॅडम! आमच्या गावावर बुक लिहिलं म्हणे. वाचा ना, आयकू द्या."

पिशवीत तेच प्रकरण होतं. काकू चहा ठेवता ठेवता थांबल्या. पूर्वजांनी तलावाची पाळ कशी बांधली, ते पान मी वाचलं. ते खूश.

"आणखी वाचा."

पुढच्या पानावर ते स्वतः होते. मी दोन पानं एकदम उलटली.

"काऊन, मधातलं सोडून देऊन राहिले का?"

"नुसते आकडे आहेत हो," मी खोटं बोलले.

"आकडे ठेवा तुमच्यापाशी," म्हणत ते हसत शेताकडे गेले.

काकू समोर येऊन बसल्या. "आता वाच. जे गिळलं ते."

वाचलं.

"खरं हाय. मीच बोलली. पण हे त्याले समजलं, तं माह्यं काम जाईन. 'एकमेव' कायले लिहिलं?"

वाक्याला वजन येतं म्हणून. हे मला तोंडानं सांगवेना.

"हे सारं काढशीन?"

"काढते."

"मंग चहा पी, थंडा होऊन राहिला. धान कापून निंगाला का गावच्या सभेत मीच बोलीन. तुह्या बुकातून नाही."

परत घरी. संमतीपत्रावर त्यांची सही आहे, नियमानं मी मोकळी आहे. पण सही घेतली तेव्हा कुठलं वाक्य कसं छापणार, हे मलाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी नेमकी कशाला संमती दिली? ती पानं गेली की प्रकरणाचा निष्कर्षच उभा राहत नाही. तीन दिवसांत दुसरा सापडणार नाही.

उद्या: मार्गदर्शकांना फोन करून सांगणे, सोमवारी प्रबंध देत नाही.