चुंबकाला न चिकटणारं घड्याळ

माझ्याकडे अकरा घड्याळं आहेत आणि त्यातलं एकही महाग नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक उगाच माझ्याकडे आदराने बघायला लागतात आणि मग खरं कळल्यावर दुप्पट वेगाने तो आदर काढून घेतात.

मी शहाद्याजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. गाव म्हसावद, सासुरवाडी कोरीट, राहणं कारखान्याच्या वसाहतीत. घड्याळांचा नाद कसा लागला ते नीट आठवत नाही, पण का टिकला ते सांगता येतं. जगात काही घड्याळं अशी आहेत की त्यांच्या किमतीत आमच्याकडे शेत येईल. त्यांचा तोंडवळा घेऊन, पण आत साधं टिकाऊ मशीन घालून, काही छोटे लोक तुमच्या-आमच्या खिशाला झेपतील अशी घड्याळं बनवतात. त्याला होमाज म्हणतात. म्हणजे मानवंदना. डायलवर मोठ्या कंपनीचं नाव छापलं तर ती नक्कल. स्वतःचं छापलं तर मानवंदना. मी ज्याच्याकडून घेतो तो माणूस दक्षिणेतल्या एका शहरात, दोन खोल्यांत हे काम करतो. एका वेळी साठ घड्याळं, त्याहून जास्त नाही. डायलवर त्याचं स्वतःचं आडनाव.

प्रत्येक घड्याळ आलं की मी आधी त्याची पाठ बघतो. पाठीला काच असते. आतलं चाक डावीकडे-उजवीकडे असं झुलत असतं की बघता बघता चहा थंड होतो. हे कशावर चालतं, एवढी बारीक कमान कोणी वळवली, तिला थकवा कसा येत नाही, हे प्रश्न मला शाळेत पडायला हवे होते. ते पन्नाशीच्या आसपास पडले. बायको म्हणते, "हात दोन नि घड्याळं अकरा. बाकीना काय पायमा बांधशात का?"

शहाद्याच्या बाजारात एक म्हातारे घड्याळजी आहेत. तीन पिढ्यांचं दुकान, म्हणजे एक टेबल, एक काचेची पेटी आणि भिंतीला टेकलेली खुर्ची. मी त्यांना चाचा म्हणतो. पहिलं होमाज त्यांना दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी ते भिंगाखाली धरून नाक मुरडलं.

"हाई तर नक्कल शे."

मी मानवंदनेचं व्याख्यान दिलं. त्यांनी अर्धं ऐकलं आणि मधेच विचारलं, "डायलवर कोनं नाव शे?"

"ज्यानी बनाडं त्यानंच."

"मंग चोर नही," चाचा म्हणाले आणि घड्याळ परत दिलं. "चोर कधी आपलं नाव लिखस का?"

ते वाक्य मी पुढे चार ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं.

गेल्या गळीत हंगामाच्या आधी त्या कारागिराने एक नवीन घड्याळ काढलं. आमच्या वडिलांच्या पिढीत सासरा जावयाला लग्नात चावीचं घड्याळ द्यायचा, अगदी तसं दिसणारं. पांढरी डायल, बारीक काटे, खाली सेकंदाचं छोटं वर्तुळ. मोळीपूजनाच्या दिवशी, म्हणजे हंगामातली पहिली उसाची मोळी गव्हाणीत टाकतात त्या दिवशी, ते माझ्या हातात चढलं ते उतरलंच नाही. बाकीची दहा मी सणावारी घालतो. हे मात्र कारखान्यातही हातातच.

सहकाऱ्यांनी ते बघितलं आणि कधी नव्हे ते माझ्या नादाची कोणी चेष्टा केली नाही. एका फिटरच्या तर डोळ्यांत पाणी आलं, त्याच्या वडिलांचं तसलं घड्याळ बहिणीच्या आजारपणात गेलं होतं. बघता बघता चौदा जण तयार झाले. मी कारागिराला फोन केला. चौदा घड्याळं हवीत, पण आमची म्हणून वेगळी. डायल हिरवी, उसाच्या शेंड्याच्या पानाची.

"कौनसा हरा?" त्याने विचारलं.

मी त्याला कुरियरने उसाचं पान पाठवलं. पोचेपर्यंत ते वाळून पिवळं झालं होतं. तो फोनवर पोट धरून हसला. मग मी सकाळच्या उन्हात उभ्या उसाचे फोटो काढून पाठवले, त्याने रंगाचे तीन नमुने करून पाठवले आणि तिसरा अगदी जमला. त्याने चौदा डायल करायला टाकल्या. जाता जाता म्हणाला, ही हिरवी डायल तुमच्याशिवाय दुसरं कोणी घेणार नाही, तेव्हा आता माघार नको. मी म्हटलं, आम्ही खान्देशची माणसं आहोत, शब्द म्हणजे शब्द.

आणि मग माझं घड्याळ पळायला लागलं.

सकाळी फोनशी जुळवावं, तर दुसऱ्या सकाळी दहा मिनिटं पुढे. मी केमिस्ट माणूस, लगेच वही काढली. उशाशी ठेवलं तर किती, आडवं ठेवलं तर किती, प्रयोगशाळेतल्या उष्णतेत किती. सगळीकडे पळतंच. दोन दिवस कारखान्यात नेलंच नाही, घरी कपाटात ठेवलं. तरी पळतं. म्हणजे कारखान्याचा काही संबंध नाही, असा मी निष्कर्ष काढला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

कारागिराला कळवलं. त्याचा उलट प्रश्न आला, घड्याळ कुठे चुंबकाजवळ गेलं होतं का?

इथे आमचा तो चुंबक सांगायला हवा. गव्हाणीतून ऊस पट्ट्यावर वर चढतो, त्या पट्ट्यावर दोन माणसं झोपतील एवढा चुंबक टांगलेला आहे. उसाबरोबर आलेलं लोखंड तो वरच्यावर उचलतो, नाहीतर पुढे रोलर फुटतील. नट, बोल्ट, साखळीचे तुकडे आणि कोयते. ऊसतोड करणाऱ्यांचा कोयता मोळीत राहून जातो आणि थेट कारखान्यात येतो. कोयता हरवला की माणसाचा दिवस बुडतो. म्हणून पाळी बदलताना पट्टा थांबला की मी स्वतः जाऊन कोयते सरकवून सोडवतो आणि गेटजवळच्या लाकडी फळीवर टांगतो. हे माझं काम नाही, पण बारा वर्षं करतोय. सगळे कोयते आपल्याला सारखे दिसतात, पण येणारा माणूस मूठ बघतो, कुठे चिंधी गुंडाळलेली, कुठे तार, आणि आपला बरोबर उचलून नेतो.

तर रोज दोन्ही हात त्या चुंबकाला लावणारा मी, मला तो प्रश्न वाचून वाटलं, हा माणूस बहाणे करतोय. कारण मला पक्कं ठाऊक होतं की घड्याळाच्या केसचं स्टील चुंबकाला चिकटत नाही. एवढी केमिस्ट्री मला येते. मी लिहिलं, थांबा, दाखवतोच. आणि त्याला ब्लॉक केलं. राग आला की मला समोरच्याचं उत्तर नको असतं, हा माझा जुना आजार.

संध्याकाळच्या पाळीला मी व्हिडिओ केला. आधी माझं पूर्ण नाव, हुद्दा, शिक्षण. मग घड्याळ त्या अजस्र चुंबकाला टेकवलं, काढलं, पुन्हा टेकवलं, हात सोडून दाखवला, खाली झेललं. "बघा. कोयता चिकटतो, बोल्ट चिकटतो, घड्याळ चिकटत नाही. तेव्हा चुंबकाचं कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका." वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. पाऊण तासात चौदाच्या चौदा जणांनी कारागिराला नको म्हणून कळवलं. साहेब सांगताहेत म्हटल्यावर कोण घेणार? मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ चाळीस मिनिटं पुढे होतं.

रविवारी शहाद्याला गेलो. चाचांनी घड्याळ कानाला लावलं, भिंगाखाली धरलं. मग सदऱ्याच्या खिशातून पितळेची छोटी डबी काढली. त्यात होकायंत्र होतं. प्रवासात गेले की नमाजाची दिशा बघायला ते जवळ ठेवतात.

"देख," म्हणाले आणि माझं घड्याळ डबीजवळ आणलं. काटा गर्रकन फिरला. घड्याळ दूर नेलं, काटा जागेवर. जवळ आणलं, पुन्हा फिरला.

"मी ह्या काटावर किबला देखस. तुन्हं घड्याळ तर त्याले भी भुलाडी ऱ्हायनं. कोठे लई गयथा याले?"

मी सांगितलं. व्हिडिओही दाखवला. चाचांनी तो शेवटपर्यंत बघितला, माझ्या शिक्षणासकट.

मग त्यांनी समजावलं, आणि त्यांची समजावण्याची पद्धत अशी की राग यायला जागाच उरत नाही. बाहेरचं स्टील चिकटत नाही, बरोबर. पण आत बालकमानी आहे, केसाहून बारीक. तिच्यात चुंबक शिरला की तिचे वेढे एकमेकांना धरतात, कमान आखूड पडते आणि घड्याळ पळत सुटतं. एकदा शिरला की घरी कपाटात ठेवा नाहीतर तिजोरीत, तो आपोआप निघत नाही. म्हणजे माझ्या वहीतल्या त्या दोन रेघा!

त्यांच्याकडे विजेवर चालणारी एक निळी पेटी होती. घड्याळ वर धरलं, बटण दाबलं, हळूहळू लांब नेलं. झालं. पुन्हा होकायंत्राजवळ आणलं तर काटा हललाही नाही.

"व्हयनं?"

"व्हयनं. घड्याळनं व्हयनं," चाचा म्हणाले. "तुन्हं बाकी शे. त्या मानूसना काय?"

त्या माणसाचं काय. हिरव्या चौदा डायल करून बसलेला, दुसरं कोणी घेणार नाही असं आधीच सांगणारा माणूस. मला तिथे चाचांच्या टेबलासमोर इतकी लाज वाटली की घड्याळ हातात बांधवेना, खिशात टाकलं. निघताना चाचांनी न मागता होकायंत्राची डबी पुढे केली. म्हणाले, व्हिडिओ करशी तर लागी.

सोमवारी पाळी बदलताना त्याच चुंबकासमोर मी दुसरा व्हिडिओ केला. पुन्हा पूर्ण नाव, हुद्दा. शिक्षण या वेळी गाळलं. चूक माझी, घड्याळ चांगलं, तो माणूस खरं विचारत होता आणि मी त्याला खोटं पाडलं, हे सांगितलं. मग लांब गेटजवळच्या फळीपाशी जाऊन एक कोयता उचलला, डबीजवळ नेऊन, चुंबकाला लागलेलं लोखंड स्वतःच चुंबक होऊन काटा कसा फिरवतं ते दाखवलं. ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. फिटरने लिहिलं, "साहेब, केमिस्ट्रीमा पास कसं व्हयनात?" त्याच्याखाली हसण्याची इतकी चित्रं आली की मी फोन उपडा ठेवला.

नऊ जण परत आले. पाच नाही आले, त्यांचं मन उडालं होतं आणि मन उडालेल्या माणसाला मी काय सांगणार? मी कारागिराला ब्लॉकमधून काढलं आणि फोन केला. माफी मागायला चार वाक्यं पाठ केली होती, दोनच आली. शेवटी म्हटलं, उरलेली पाच मीच घेतो. तो नाही म्हणाला. म्हणाला, मी घड्याळ दंड म्हणून विकत नाही. ज्याला हातात घालायचंय त्यानेच मागावं.

मग मी विचारलं, मी ब्लॉक केल्यावर तुम्ही काही लिहिलं होतं का? आधी त्याने टाळलं. फारच मागे लागलो तेव्हा त्या निरोपाचा फोटो पाठवला. वेळ बघितली. मी व्हिडिओ करायला निघालो त्याच्या अर्धा तास आधीची. दोन ओळी होत्या. तुमचा राग मला समजतो, पण कृपा करून घड्याळ चुंबकाला लावून बघू नका. स्टील चिकटणार नाही, आतली कमान मात्र आणखी बिघडेल आणि घड्याळ तुमचं आवडतं आहे.

मी त्याची अब्रू घालवायला निघालो होतो आणि तो माझं घड्याळ वाचवत होता.

नऊ हिरवी घड्याळं आली. फिटरने त्याचं वसाहतीतल्या देवळात नेऊन आधी देवापुढे ठेवलं. पाच अजून त्या दोन खोल्यांत पडून आहेत, मी अधूनमधून विचारतो. पाळी बदलताना मी आता आधी घड्याळ काढतो आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला, कोयत्यांपासून लांब टांगतो. परवा कोयता न्यायला आलेला एक जण त्याच्याकडे बघत म्हणाला, हे पण उसातून आलं का?

वसाहतीत सगळे सांगतात, तो पहिला व्हिडिओ पुसून टाका, नवीन येणारी पोरं हसतात. मी पुसलेला नाही. त्यात मी माझं पूर्ण नाव सांगितलंय.