सवलतीचा शेवटचा दिवस

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विमा उतरवला. ते सोलापुरात गिरणीत साचेखात्यात होते. एजंटनं चहा पीत समजावलं, आजीवन पॉलिसीचे पैसे माणूस गेल्यावरच मिळतात; मुदतीची वीस वर्षांनी स्वतःच्या हातात पडते, मधेच काही झालं तर घरच्यांना. "मग मुदतीचीच द्या की," अण्णा म्हणाले, "मेल्यावर मला काय उपयोग?" आम्ही हसलो. अव्वा, माझी आई, हसली नाही. वारस म्हणून तिचं नाव लिहायला लागले तशी ती उठून चुलीकडं गेली. "कुंकवावर पैसं लावत्यात व्हय कुणी?"

अडीच वर्षं सहामाही हप्ते वेळेवर गेले. मग अण्णांना कावीळ झाली आणि ती उतरेना. पुढच्या हप्त्याचे पैसे त्यांनी आधीच अव्वाकडं दिले होते; तिनं पुरचुंडी करून ज्वारीच्या डब्यात ठेवले होते. तारीख टळली. मी भरून येते म्हटलं, तर तिनं डब्यावर हात ठेवला.

"ह्ये दवाखान्यात पडल्यात आन् आपण हप्ता भरायचा? मरणाला इसार द्यायचा? घरी येऊ देत, त्येंच्या हातानं भरतील."

गल्लीत तिला कुणी वेडी म्हटलं नाही. बायकांना तिचंच पटत होतं.

मी तेव्हा कॉलेजात होते. पॉलिसीच्या मागचं बारीक इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचलं. तारखेनंतर सवलतीचा एक महिना, तोवर विमा चालू. मग बंद. तीन वर्षं पुरी भरली असती तर थोडं तरी हाती लागलं असतं, अडीच वर्षांचं काहीच नाही. पुन्हा चालू करायला तब्येत चांगली असल्याचा दाखला हवा, आणि अण्णांचे डोळे हळदीसारखे पिवळे. कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, पाठच्या दोघी शाळेत. मी अव्वाच्या पाया पडले, भांडले, ओरडले. ती ढिम्म. तिचा भयंकर संताप यायचा आणि त्याच वेळी वाटायचं, तिचं खरं निघालं तर?

सवलतीच्या शेवटच्या दिवशी मी परीक्षेच्या फीचे पैसे घेतले, कमी पडले ते मैत्रिणीकडं मागितले आणि हप्ता भरून आले. पावती वहीत दडवली. दवाखान्यात अण्णांनी माझा हात धरला, तर मला तो सोडवून घ्यावासा वाटला.

पाचव्या दिवशी ते गेले.

पावतीनं कावीळ वाढत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी रडताना मी अव्वाच्या गळ्यात पडू शकले नाही.

तिला वाटत होतं, विमा कधीच बुडाला. पैसे मागायच्या कागदावर तिचा अंगठा लागणार होता, म्हणून सांगावंच लागलं.

"कवा भरलंस?"

मी दिवस सांगितला. तिनं बोटांवर मोजलं. मग अंगठा पुढं केला. माझ्याकडं बघितलं नाही. कागद सुकल्यावर उठून तिनं ज्वारीच्या डब्यात हात घातला आणि पुरचुंडी माझ्यापुढं ठेवली.

"तू भरलंस, तुजं तू घे. फिटलं आपलं."

विम्याचे पैसे यायला वेळ होता आणि परीक्षेची उशिराची फी भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी पुरचुंडी उचलली.