पडद्यावरची नणंद

हैदराबाद संस्थानात आमची शाळा उर्दूतून होती. मराठी मी घरीच शिकलो, आणि घरात जाड मराठी पुस्तक सलग वाचणारा मी एकटाच होतो. वडील अर्ज उर्दूत लिहीत, हिशेब मोडीत. कादंबरीला ते हात लावत नसत. दुपारी दारालगतच्या ढाळजेत आत्या तुरीची डाळ निवडत बसायची आणि मी तिला वाचून दाखवायचो. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं होतं. तो मारायचा, हे तिने फक्त माझ्या आईला सांगितलं होतं, पण एवढ्याशा घरात ते मला कळल्याशिवाय राहिलं नाही.

त्या वर्षी मी तिला वाचून दाखवलेल्या एका कादंबरीत नायकाची एक बहीण होती. तीही नवऱ्याने टाकलेली. सबंध पुस्तकात तिच्या वाट्याला जेमतेम काही पानं. ती शहरातल्या दवाखान्यात नर्सचं काम शिकते, आणि नवरा न्यायला येतो तेव्हा दारातूनच त्याला सांगते, मला कामाला जायचंय. बस्स, एवढंच. नायक-नायिकेचं पुढे काय झालं याच्याशी आत्याला देणंघेणं नव्हतं. "तेवढं दारातलं वाच," म्हणायची. मी पुन्हा वाचायचो. मग हळूहळू तिने चौकशी सुरू केली. हैदराबादेत असं काम बायकांना शिकवत होते. वडील हो म्हणाले नव्हते, पण नाहीही म्हणाले नव्हते.

त्याच वर्षी हिवाळ्यात मानवतला तंबूतला सिनेमा आला, आणि तो नेमका याच कादंबरीवरचा निघाला. गाडी जुंपून आम्ही सगळे गेलो. बायका कनातीपलीकडे, आम्ही अलीकडे. पडद्यावर नायकाच्या बहिणीला दोन गाणी मिळाली होती. दवाखाना कुठेच नव्हता. शेवटी ती आपणहून सासरी गेली, उंबऱ्यावर कोसळली, नवऱ्याने तिला उचलून घेतलं, आणि कनातीपलीकडून हुंदके ऐकू आले. मीही रडलो. पुस्तकातल्या बाईने मला कधी रडवलं नव्हतं. ती कोरडी होती, तिला कुणाची दया नको होती. सिनेमावाल्यांना बहुधा तेच अडचणीचं वाटलं असेल.

परतताना आई म्हणाली, "पायलं का वन्सं, कसा उचलून आत नेला तिला! माणसाचं मन फिरतंय."

"पडद्यावर फिरतंय वैनी," आत्या म्हणाली. "तंबू गुंडाळला की तेबी गुंडाळतंय."

सगळे हसले. वडील हसले नाहीत.

चारसहा दिवसांनी सासरहून निरोप आला, नांदायला पाठवा. वडिलांनी आत्याला समोर बसवलं. "टाकलेली बाई शेवटी कुठं जाते ते समद्यांनी बघितलंय आता."

"पुस्तकात न्हाई गेली ती, दादा." आत्या माझ्याकडे वळली. "सांग की रे. तूच वाचलंस न्हवं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. हे खूळ तूच तिच्या डोक्यात भरवलंस, असं ते म्हणतील, याची मला भीती वाटली. आणखी एक सांगायला हवं. त्या क्षणी पुस्तकातलं दार मला आठवेचना. डोळ्यांसमोर तो उंबराच येत होता. मी म्हणालो, "सिनेमा त्या पुस्तकावरूनच काढलाय."

वाक्य खरं होतं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुस्तक परभणीच्या वाचनालयात परत गेलं होतं, आणि असतं तरी तिला अक्षर लागत नव्हतं.

"मंग दवाखान्याचं तू मनानं वाचायचास व्हय?"

मी मान खाली घातली. तो तिने होकार समजला.

पुढच्या पंचमीला ती सासरहून माहेरी आली तेव्हा डाव्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं. पाय घसरून पडले, म्हणाली. दुपारी मी नवं पुस्तक घेऊन तिच्या उजव्या बाजूला बसलो. "वाचू का?"

"नको रे लेकरा. तू वाचतोस अन् मला समदं खरं वाटतंय."

ते खरंच होतं, आत्या, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आईने हाक मारली. हाक साधीच होती, पाण्याची घागर उतरवायची होती. मी त्या हाकेचा आधार घेऊन उठलो.

त्यानंतर आत्या माहेरी आली नाही. तिच्या मरणाची खबर आली.