इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी

चिन्मय, परवा फोनवर तू म्हणालास, "आजी, उद्या बाळाला टोचायचंय. ताप आला तर इथे आम्ही दोघंच!" तेव्हापासून मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी आठवताहेत. तू आणि सईने त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून दोघांसाठी लिहिते आहे.

इतकं अस्वस्थ माणूस अख्ख्या पुण्यात दुसरं नसेल. नवऱ्याच्या नोकरीमुळे नागपूरहून इथे आल्या, पण कुणाच्या घरी बूड टेकवलं असेल तर शपथ. चहा उभ्याने, गप्पा दारात, टीव्हीसुद्धा येरझाऱ्या घालत. आणि या सगळ्या वणवणीला कारण एकच, इमारतीतल्या पोरांच्या लशी. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगत असायची आणि या मागून बाळाच्या आईला विचारायच्या, "दीड महिन्याचं कधी होते? मी येते ना संगं दवाखान्यात!" तिथे सुई दिसली की बाळाच्या आधी याच किंचाळायच्या. डॉक्टरांनी एकदा शांतपणे विचारलं, "आज दोघांना द्यायचंय का?" वहिनींच्या धाकट्या भावाला लहानपणी डांग्या खोकला झाला होता. पुढे काय झालं असं विचारलं की मात्र लगेच उठून जायच्या, म्हणजे उभ्या असल्या तरी जायच्या.

आमच्या समोरची नेहा खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. बाळंतपणाची रजा संपली आणि लेकीचा डांग्या खोकल्यावरच्या त्रिगुणी लशीचा दुसरा डोस राहिला. पहिल्याला ताप आला होता. नेहाला आता रजा मिळेना, आणि तापलेल्या बाळाजवळ दिवसभर एकटं राहायला तिच्या सासूबाई धजेनात. "पुढच्या आठवड्यात" असं म्हणता म्हणता आठवडे गेले. तेवढ्यात मागच्या बांधकामावरच्या एका मुलाला डांग्या खोकला झाल्याचं कळलं. वहिनी सकाळ-संध्याकाळ समोरची बेल वाजवू लागल्या.

सासूबाई पक्क्या पुणेरी. म्हणाल्या, "महापालिकेने तुमची नेमणूक केली आहे का?"

नेहा चप्पल घालता घालता वैतागली. "वहिनी, मला कळत नाही का? पण उद्या ताप आला तर तुम्ही बसणार आहात का घरी?"

वहिनी म्हणाल्या, "बसते ना! त्यात काय?"

त्याच संध्याकाळी टोचून आणलं. रात्री ताप आला. सकाळी नेहा रडवेली होऊन ऑफिसला गेली आणि वहिनी तिच्या सोफ्यावर मांडी घालून बसल्या. मी दुपारी डोकावले. बाळ मांडीवर झोपलेलं, सासूबाई ओल्या फडक्याने कपाळ पुसत होत्या. वहिनींच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी हलायला तयार नव्हत्या.

"ताई, जरा पंखा बारीक करा," एवढंच मला कुजबुजत म्हणाल्या.

संध्याकाळी ताप उतरला. नेहा आली तेव्हा कुठे त्या उठल्या, लंगडत.

नंतर त्या नागपूरला परत गेल्या. गेल्या वर्षी वारल्या. आमच्या इमारतीत अजूनही इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी आई कामावर जाते आणि शेजारचं कुणीतरी येऊन बाळापाशी बसतं.