थांबवलेल्या हृदयासाठी सोललेला लसूण

माझ्या पत्नीचे हृदय काही काळ थांबवावे लागणार आहे, असे लातूरच्या रुग्णालयात मला सांगण्यात आले तेव्हा भाद्रपद चालू होता. आम्ही नांदेडचे, तेथील एका शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. शस्त्रक्रियेसाठी लातूरला यावे लागले आणि तिच्या बहिणीच्या रिकाम्या घरात आम्ही दोघे उतरलो.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई रेणापूरकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांनी अत्यंत सावकाश सर्व समजावून सांगितले. बायपास करताना हृदय थंड द्रावणाने शांत करतात. तेवढा वेळ शरीराला रक्त पुरवण्याचे काम यंत्र करते.

"ते पुन्हा सुरू झाले म्हणजे धोका टळला ना?" मी विचारले.

"खरी काळजी तिथंच असते, गुरुजी. उपाशी राहिलेल्या पेशींना रक्त परत मिळतं, तेव्हा त्यातल्याच प्राणवायूपासून काही उग्र कण तयार होतात. ते पेशींना इजा करतात. म्हणून आम्ही अँटिऑक्सिडंट देतो. ते त्या कणांना आवरतं."

मला उलगडा होईना. ज्या प्राणाची वाट पाहायची, त्याच्याचकडून घात कसा व्हावा? पत्नी मात्र देवणीकडच्या शेतात वाढलेली. ती लगेच म्हणाली, "उपाशी बैल एकदम कोवळ्या हिरव्या कडवळात सोडला की फुगून मरतो. तसंच की."

डॉक्टरबाई हसल्या. "काकू, उद्यापासून मी सगळ्यांना असंच सांगणार."

"आधी यांना सांगा. यांना लई वेळ लागतो."

शस्त्रक्रियेला पंधरा दिवस होते. त्या अवधीत स्वस्थ बसणे मला साधले नाही. मोबाइलवर मी 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द शोधला, तर आवळा, हळद, लसूण अशी घरचीच मंडळी समोर आली. लसूण हृदयाला हितकर, असे वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत मी पूर्वी वाचलेही होते. रुग्णालय त्या दिवशी जे देणार, ते मी आजपासूनच देऊ लागलो तर तिच्या पेशी अधिक बळकट होतील, असे मला वाटले.

अडचण एकच होती. लग्नापासून आम्ही दोघांनी चातुर्मासात कांदा-लसूण कधी खाल्ला नव्हता. मी तिला आपद्धर्म समजावून सांगितला. तिने वाद घातला नाही. रोज सकाळी संध्या आटोपून मी स्वतः आठ पाकळ्या सोलायचो, ठेचायचो आणि मधात कालवून तिच्यापुढे धरायचो.

"इतकी वर्षं तुम्ही साधी वेलची सोलली न्हाई," ती नाक मुरडत म्हणायची, "आणि आता बघा, भाद्रपदात लसूण."

"गिळ मुकाट्याने."

"गिळते. पण देवापुढं हात धुऊन जा."

मी हात धुऊन जात असे, तरी बोटांचा वास जात नसे. जप करताना तो येई, आणि खरे सांगायचे तर मला तो वाईट वाटत नसे.

रुग्णालयाच्या कागदावर एक प्रश्न होता: आम्ही दिलेल्या औषधांखेरीज काही घेत आहात का? मी 'नाही' असे लिहिले. अन्न म्हणजे औषध नव्हे, असे मी मनाशी म्हटले. पण ती पळवाट होती. ज्याच्याकडे लोक व्रतांचे नियम विचारायला येतात, तो चातुर्मासात पत्नीला लसूण चारतो, हे लिहायला माझा हात धजावला नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी ती दाखल झाली. तपासणीसाठी रक्त घेतल्यावर परिचारिकेने कापूस दाबून धरला. तो भिजला. दुसरा घेतला, तोही भिजला. तिच्या दंडावर बांगडीएवढा निळसर डाग होता, तो मला तेव्हाच प्रथम दिसला.

"काकू, रक्त पातळ करायची गोळी बंद केली ना?"

"कवाच केली."

लसणाचे नाव तिने काढले नाही. तिने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. ती मला झाकत होती, हे मला कळले. आणि त्या क्षणी मला जेवढी लाज वाटली, तेवढी व्रतभंगाचीही वाटली नव्हती.

मी बाहेर जाऊन डॉक्टरबाईंना गाठले आणि सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत.

"किती पाकळ्या? किती दिवस?"

मी सांगितले.

"लसणानं रक्त पातळ होतं, गुरुजी. छाती उघडल्यावर ते थांबवणं फार कठीण जातं. आणि आम्ही देतो ते नेमक्या वेळी, मोजून देतो. जास्त दिलं म्हणजे जास्त राखण, असं नसतं." त्यांनी माझ्या हातचे 'नाही' खोडून तेथे लसूण लिहिला. "शस्त्रक्रिया पुढं ढकलू. आज सांगितलंत, हे फार बरं केलंत."

खोलीत येऊन मी पत्नीला विचारले, "तू का बोलली नाहीस? जीव गेला असता तर?"

"मग लसणातून तरी सुटले असते," ती म्हणाली. मग हळूच, "चारचौघांत तुम्हाला खाली बघावं लागलं असतं. ते मला बघवलं नसतं."

पुढचे दहा दिवस मी तिला केवळ वरण-भात वाढला. आयुष्यात अनेक अनुष्ठाने केली. काहीही न करण्याचे हे अनुष्ठान सर्वांत अवघड गेले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. "यंत्र काढलं. हृदय आपणहून चालू झालं, शॉक द्यावा लागला नाही."

मी हात जोडले. मग विचारले, "तुमच्या त्या द्रव्यामुळे?"

"एका माणसावरून सांगता येत नाही. जाणकारांचंही अजून एकमत नाही. आपल्याकडून राखण कमी पडू नये, म्हणून देतो."

मला त्या उत्तराचा आदर वाटला. मी जन्मभर याहून अधिक ठामपणे बोलत आलो होतो.

माझ्या पिशवीत नांदेडहून आणलेले गोदावरीचे तीर्थ होते. ते तिच्या ओठांना लावावे, अशी फार इच्छा होती. मी तांब्याची कुपी काढून डॉक्टरबाईंपुढे धरली.

"नदीचं पाणी आत्ता नको, गुरुजी. उद्या श्वासाची नळी काढल्यावर उकळून गार केलेलं पाणी देते. त्यानं ओठ ओले करा. मंत्र तुमचा तोच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेशी उभा राहिलो, मंत्र म्हटला आणि बोट त्या पाण्यात बुडवून तिच्या ओठांपाशी नेले. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. घशातून कसाबसा आवाज आला.

"विचारलं का त्यांना?"

"विचारले."

तेव्हा तिने ओठ उघडले.