मन्नूबियाच्या लेकीचा खेळ

फजरची नमाज झाली की घर उठायच्या आत मी चार ओळी लिहिते. बहुतेक दिवशी त्या वारापाणी, पाहुणे आणि कुणाच्या घरी काय शिजलं एवढ्यावरच संपतात. आज शेजारच्या दोर्साफविषयी लिहायचं आहे आणि ते चार ओळींत मावणार नाही.

तिचे वडील सी तिजानी, म्हणजे तिजानीसाहेब, अल्लाह त्यांना जन्नत देवो, आमच्या ट्युनिशियातल्या नाबुलमधले जुने कुंभार. भट्टीत तडकलेल्या विटा, फुटकी कौलं ते कधी फेकत नसत. ती दळून जी लाल पूड व्हायची ती टेनिस क्लबवाले कोर्टावर पसरायला नेत. पूड पोचवायला बाप गाडीवर निघाला की पोरगी मागे चढून बसायची. तिथेच कुणीतरी तिच्या हातात तुटक्या तारांची रॅकेट दिली. संध्याकाळी घरी आली तेव्हा पायमोजे गुडघ्यापर्यंत लाल. मन्नूबियाने ते लिंबू लावून घासले, उन्हात टाकले, पुन्हा घासले. ते पांढरे काही झाले नाहीत. मग तिने जाहीर केलं, "हिला आता लालच मोजे घ्यायचे. मी काही धोबीघाट उघडलेला नाही."

मन्नूबिया म्हणजे दोर्साफची आई, माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. जिभेची तिखट, मनाची लोणी. मुलगी मोठी झाली, आखूड स्कर्ट घालून परगावी खेळायला जाऊ लागली, तेव्हा गल्लीत कुजबुज झालीच. एका बाईने हमामात सगळ्यांदेखत विषय काढला. मन्नूबिया डोक्यावर पाणी ओतत म्हणाली, "माझ्या लेकीचे गुडघे बघायला तुला एवढी सवड आहे ना, मग उद्या माझ्याकडे गालिचे धुवायला ये." त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. निदान हमामात तरी नाही.

पण याच मन्नूबियाने लेकीचा एकही सामना कधी पाहिला नव्हता. तिचं म्हणणं असं, की जगात सगळ्यात जबर दृष्ट आईचीच लागते, कारण आईइतकं कौतुकाने दुसरं कोणी बघत नाही. सामन्याच्या दिवशी ती मासे साफ करायला बसायची. खवले निघून गेले तरी खरवडतच राहायची. मी मुलाच्या फोनवर गुण बघून सांगायला गेले की कानावर हात. "सालहा, तुला माझी शपथ आहे, गप्प बस."

रात्री दोर्साफचा फोन यायचा. कधी तुर्कस्तानातून, कधी कझाकस्तानातून, कधी कुठल्या विमानतळाच्या बाकावरून. जिंकलीस का, हरलीस का, असं आई कधी विचारायची नाही. एकच प्रश्न.

"जेवलीस का?"

"भात आणि कोंबडी खाल्ली, उम्मी."

मग मन्नूबियाचा चेहरा उजळायचा. आणि पलीकडून "बसीसा खाल्ला" असं ऐकू आलं की ती लगेच फोन ठेवून द्यायची. भाजल्या धान्याचं ते पीठ आम्हीच तिच्या पिशवीत भरून द्यायचो. हरली की पोरगी जेवणाच्या टेबलावर जायचीच नाही, खोलीत बसून पेल्यात पीठ कालवून प्यायची. तिच्या खोलीतल्या एका परदेशी मुलीने म्हणे विचारलं होतं, "तू ही कोर्टाची माती का खातेस?" दोर्साफने उत्तर दिलं, "घरची आहे म्हणून."

लोकांना वाटतं टेनिसवाली म्हणजे मोठी गाडी आणि वर्तमानपत्रात फोटो. आमची दोर्साफ हॉटेलच्या मोरीत स्वतःचे कपडे धुते आणि दुसऱ्या मुलींच्या रॅकेटना तारा ताणून देऊन प्रवासखर्च काढते. ते तारा ताणायचं यंत्र घरी असलं की रात्रभर खटखट चालते. नवीन बिऱ्हाडकरूंना वाटलं होतं, मन्नूबियाने माग बसवलाय. जगाच्या यादीत दोर्साफचा नंबर तीनशेच्या आसपास खालीवर होत राहिला. एकदा भाजीबाजारात सी ब्राहीमने मिरच्या तोलता तोलता तिला छेडलं, "काय गं, तीनशेवी? म्हणजे पुढे एवढा मोठा मांडव भरलाय?"

दोर्साफ म्हणाली, "सी ब्राहीम, तू जगातला कितवा भाजीवाला आहेस?"

त्याने मूठभर मिरच्या जास्त घातल्या आणि तेव्हापासून तिला "मादाम तीनशे" म्हणायला लागला. ती हसून ओ द्यायची.

एकच गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती. दर वसंतात पॅरिसला लाल मातीवर ती मोठी स्पर्धा होते. मुख्य खेळ सोडाच, पात्रता फेरीच्या दारापर्यंत जायलाही नंबर बराच वर लागतो. तो तिला कधी लागला नाही. कधी दुखापत आड आली, कधी व्हिसा, कधी बापाचं आजारपण. यंदा मात्र नंबर दाराला टेकला होता. त्यातून आमच्याच क्लबात स्पर्धा भरली. मी आणि मन्नूबिया अंगणात चादरी अंथरून फुलपाणी काढायला नारिंगाची फुलं निवडत होतो, तेव्हा तीही येऊन बसली. बोटं फुलांत आणि नजर कुठेतरी लांब.

"खालती सालहा," मला म्हणाली, खालती म्हणजे मावशी, "उपांत्य सामना जिंकले की झालं. सोमवारी पॅरिसची यादी बंद होते. तेवढे गुण मिळाले तर माझं नाव यादीत."

"इन्शाल्लाह," मी म्हटलं.

"गुडघा पुढच्या वर्षी असेल, नसेल. बत्तीस वर्षांची झाले मी." मग आईकडे वळली. "उम्मी, एकदा ये. आपल्या गावात आहे. बाबांच्या विटांवर आहे."

मन्नूबियाने देठ खुडत खाली बघूनच सांगितलं, "माझे मासे आहेत."

उपांत्य सामन्याला मी गल्लीतल्या बायकांबरोबर गेले. आम्ही बसतोय तोवर दारातून एक पांढरी सफसारी आत आली. डोक्यापासून टाचेपर्यंत रेशमी चादर, चेहऱ्यावर घट्ट ओढलेली, फक्त एक डोळा बाहेर. हल्ली असं कोण गुंडाळून घेतं? चालण्यावरून मी ओळखलं.

"मन्नूबिया, हे काय सोंग?"

"हळू बोल. एकच डोळा उघडा ठेवलाय. निम्मीच लागेल."

"आणि पिशवीत काय आहे?"

तिने पिशवी चादरीआड ओढली, पण मला वासावरून कळलं. साखरेत घोळलेले बदाम. लेकीच्या लग्नात वधूवर उधळायचे म्हणून ती कितीतरी वर्षं ते आणून ठेवत होती. ईदला जुने पोरांना वाटून टाकायची आणि नवे भरायची. लग्नाचा विषय निघाला की दोर्साफ म्हणायची, "उम्मी, मोसम संपू दे." आणि मोसम काही संपायचा नाही.

समोर रोमानियाची एक उंच पोरगी होती, डावखुरी, वाऱ्यासारखी धावणारी. पहिला सेट दोर्साफने घेतला, दुसरा तिने. मन्नूबिया सबंध वेळ पुटपुटत सूरे म्हणत होती आणि मध्येच मला कोपर मारत होती. "आता काय झालं? टाळ्या का? आपल्यासाठी की तिच्यासाठी?" खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मोजे धुवायचं तेवढं कळत होतं.

तिसऱ्या सेटमध्ये दोर्साफ पाच-चारने पुढे गेली, चाळीस-तीस, सर्व्हिस तिची. मी मन्नूबियाच्या कानात सांगितलं, "हा एक गुण मिळाला की जिंकली."

सांगायला नको होतं असं कुणी म्हणेल. पण अशी गोष्ट शेजारणीपासून कशी लपवायची?

चेंडू बराच वेळ इकडून तिकडे गेला. मग दोर्साफने हात ओढून घेतला आणि चेंडू जाळीपलीकडे नुसता अलगद सोडला, झोपलेल्या बाळाला खाली ठेवावं तसा. रोमानियन पोरगी मागच्या रेषेवर होती. चेंडू टेकला, जेमतेम वर उठला. अख्ख्या क्लबाला कळलं, संपलं.

मन्नूबिया उभी राहिली. सफसारी खांद्यावर घसरली, दोन्ही डोळे उघडे, आणि वधू उंबऱ्याबाहेर आली की आम्ही बायका जीभ फिरवून काढतो तो आनंदाचा लांब सूर, जगारीत, तिच्या गळ्यातून फुटला. त्याबरोबर पिशवीतले सगळे बदाम हवेत गेले. पांढरे, गुलाबी. काही आमच्या मांडीवर पडले, बाकीचे टणाटण उड्या मारत थेट कोर्टात, धावत येणाऱ्या त्या पोरीच्या पायांसमोर. पोरगी थबकली. चेंडू अजून दुसऱ्यांदा टेकला नव्हता.

पंचबाईंनी हात वर केला. खेळ चालू असताना कोर्टात काही पडलं की गुण पुन्हा खेळायचा.

"पुन्हा का?" मन्नूबियाने मोठ्याने विचारलं. "ती पोहोचलीच नसती."

"नसतीच, पण बदाम पोहोचले," मागून एक पुरुष म्हणाला. "खालती, घाई काय होती? वऱ्हाड कुठे पळत होतं?"

लोक हसले. मी कोर्टाकडे बघत होते. दोर्साफ गुडघ्यांवर बसून बदाम वेचत होती. जाळीपलीकडून ती रोमानियन पोरगीही आली आणि तीही वेचायला लागली. दोर्साफने एकदाच वर बघितलं, आईकडे. त्या नजरेत राग नव्हता, पण आणखी काय होतं ते मला सांगता येणार नाही.

मग खेळ सुरू झाला. पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरी तिने जपून टाकली आणि त्या पोरीने ती कोपऱ्यात हाणली. तो गेम गेला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. हातातून एकदा निसटलेली दोरी परत सापडलीच नाही. सात-पाच. जाळीपाशी हात मिळवताना दोर्साफने त्या पोरीच्या खांद्यावर थोपटलं आणि बॅग उचलून आत गेली.

मन्नूबियाने सफसारी आता दोन्ही डोळ्यांवर ओढली. "मला घरी ने, सालहा. मला रस्ता दिसत नाही."

घरी गेल्यावर ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली. "बघितलंस? दोन्ही डोळे उघडले आणि झालं."

"दृष्ट नव्हती गं. बदाम होते."

"बदाम कुणाच्या हातात होते?"

मी म्हटलं, "जे लिहिलेलं असतं ते बदामांनी पुसलं जात नाही. पॅरिस लिहिलेलं असतं तर गेलीच असती."

"तू नमाजी बाई आहेस, तुला बरं बोलता येतं," ती म्हणाली. "मी तिची आई आहे."

मी चूल पेटवली आणि चहा ठेवला. त्या रात्री दोर्साफ क्लबातच राहिली, मैत्रिणीबरोबर. फोन आला नाही. मन्नूबिया फोनकडे बघत होती, पण जेवलीस का हे विचारायची तिची छाती झाली नाही.

सकाळी मी तिच्यासाठी ताजी रोटी घेऊन गेले तर दोर्साफ ओट्यावर बसलेली, लाल मोजे, केस ओले. आई आतून कडी लावून बसलेली.

"उम्मी, दुपारी जोडीचा अंतिम सामना आहे. चल."

आतून आवाज आला, "माझ्या हाताला लगाम नाही. तू जा. मी अल्लाहला सांगेन, तू खेळ."

"अल्लाहला सालहा खालती सांगेल. तू चल."

"मी तुझं पॅरिस घालवलं."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. आईला बरं वाटावं म्हणून कुणीही म्हणेल. ती म्हणाली, "हो, घालवलंस. म्हणजे अर्धं तू, अर्धं माझ्या दुसऱ्या सर्व्हिसने. रात्रभर मी रडले, तुझ्यावर चिडले, मग भूक लागली आणि भाताची दोन ताटं खाल्ली."

आत काहीतरी हललं.

"हरल्यावर जेवलीस?"

"जेवले. उम्मी, ऐक. कझाकस्तानात मी एकदा स्पर्धा जिंकले, तेव्हा बघायला एक पंच होता आणि एक मांजर होतं. चौदा वर्षं मी अशीच खेळले. माझ्यासाठी कुणी एवढं वेडं झालं की खेळच थांबवावा लागला, असं काल पहिल्यांदा झालं. मला ते पॅरिसला मिळालं नसतं. आता दार उघड, नाहीतर उशीर होईल आणि तो दोष पुन्हा तुझ्याकडेच येईल."

कडी निघाली. मन्नूबियाचे डोळे सुजून मिरच्यांसारखे लाल झालेले. लेकीकडे न बघता तिने खुंटीवरची सफसारी काढली, हातात धरली आणि परत खुंटीला अडकवली. साधा रुमाल बांधला.

"पिशवी दाखव," दोर्साफ म्हणाली.

"रिकामी आहे. बघ."

रस्ताभर मन्नूबिया एकच विचारत होती. "चेंडू नक्की किती वेळा टेकला की संपतं?"

"दोनदा, उम्मी. आपल्या बाजूला एकदा टेकला तर चालतो. दुसऱ्यांदा टेकला की गुण गेला."

"आणि रेषेवर टेकला तर?"

"तर आतच."

"आणि तो आत की बाहेर, हे कोण ठरवतं?"

"पंच. तू नाही."

सामना सुरू झाला. दोर्साफबरोबर एक गुटगुटीत इजिप्शियन मुलगी होती, समोर दोन परक्या. मन्नूबिया दोन्ही तळहात मांडीखाली दाबून ताठ बसली होती, रुग्णालयात सुई टोचून घ्यायला बसतात तशी. पहिलाच चेंडू बराच वेळ चालला, शेवटी दोर्साफने तो दोघींच्या मधून मागच्या कोपऱ्यात टाकला.

"एक," मन्नूबिया दबक्या आवाजात म्हणाली. चेंडू मागच्या कुंपणाकडे निघाला होता. "दोन." ती माझ्याकडे वळली. "दोन झाले ना, सालहा?"

"झाले."

"नक्की?"

"नक्की. पण अगं, हा नुसता पहिलाच गुण आहे."

तोपर्यंत तिने जगारीत काढायला हात मांडीखालून काढून तोंडापाशी नेले होते. आज कोर्टात काही पडणार नव्हतं, म्हणून मी तिला अडवलं नाही.